मूकपट आणि दिसणारे श्रम

(एका अभ्यासवर्गात झालेले भाषण)



दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट आज फारसा कोणी पाहत नाही. जो पाहतो, तो आरंभीच थबकतो. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येते ती एक लहान मुलगी, फाळक्यांची कन्या मंदाकिनी. चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते आणि पाहता पाहता तिच्याच जागी बाळकृष्ण उभा राहतो. चमत्कारामागचे माणूस चमत्काराआधीच दाखवून टाकण्याचा हा प्रांजळपणा विलक्षण होय. पुढचा कालिया नाग उघडउघड कारागिराच्या हातचा आहे. तरीही पोर त्याच्याशी झुंजू लागली की पाहणाऱ्याचे हसू मावळते.

जुन्या मूकपटांचा ओबडधोबड गोडवा तो हाच. त्यास निव्वळ स्मरणरंजन म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. तयार माल जितका गुळगुळीत, तितके त्यामागचे हात अदृश्य होतात, हे समाजवादी विचाराने फार पूर्वीच सांगितले आहे. आज संगणकावर रचलेल्या महापुरामागे शेकडो तंत्रज्ञ राबतात, पण प्रेक्षकाला त्यांची चाहूलही लागत नाही. मूकपटात मात्र रंगविलेली भिंत रंगविलेलीच दिसते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला, तेव्हा भूमिका करण्यास एकही स्त्री तयार नव्हती. म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ओल्या लुगड्यांतील ते पुरुषी दंड त्या काळच्या समाजाविरुद्धची साक्षच आहेत. भांडवल म्हणावे तर विम्याची पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने. फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचे कष्टही त्यांचेच. अर्थशास्त्राच्या जमाखर्चात अशा श्रमांना अजूनही रकाना सापडत नाही.

भारतात सुमारे १३०० मूकपट निर्माण झाले. आज शिल्लक आहेत ते तीसच्या आसपास, तेही पुष्कळसे त्रुटित. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. २००३ साली पुण्यातील आगीतही कित्येक रिळे भस्मसात झाली. पण सारा दोष अग्नीचा नव्हे. १९३१ साली बोलपट आला, मूकपटांचे बाजारमूल्य सरले, आणि कित्येक रिळे त्यांतील चांदी काढण्यासाठी विकली गेली. कर्जात बुडून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कहाणी सांगणारा बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ सालचा मूकपटही आज पाहावयास मिळत नाही. मोल ठरविण्याचे काम एकट्या बाजारावर सोपविले की शेतकऱ्याच्या दुःखाची नोंदही उरत नाही.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, म्हणून जे थोडे वाचले ते वाचले. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्काची मुदत साठ वर्षांची. म्हणजे हे मूकपट आता कोणा धनिकाचे नाहीत, सर्वांचे आहेत. परंतु सार्वजनिक मालमत्ता कपाटात बंद राहिली, तर ती नावापुरतीच सार्वजनिक. तालुक्याच्या वाचनालयात, शाळेत, कामगार संघटनेच्या सभागृहात हे चित्रपट दाखवावेत. शेजारी एखादा पेटीवाला नि तबलजी बसवावा. मुले त्या नागाला हसतील. हसू द्यावे. त्यांतले एखादे पोर विचारील, हा नाग कोणी केला? शिक्षणाचा आरंभ त्या प्रश्नापासून होतो.