माळाला राखणदार हवा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तळेगाव म्हटलं की बहुतेकांना दाभाड्यांचं तळेगाव आठवतं. माझं तळेगाव ढमढेऱ्यांचं. पुण्याहून नगर रस्त्यानं निघून शिक्रापूरला उजवीकडे वळलं, की न्हावऱ्याच्या वाटेवर, वेळ नदीच्या काठी ते लागतं. सैन्यातली नोकरी संपवून मी गावी परतलो, त्याला बरीच वर्षं झाली. पहाटे आमच्या रस्त्याच्या कडेनं पोरं पळत असतात. कुणाला फौजेत जायचंय, कुणाला पोलिसात. "काका, उंची एक सेंटिमीटर कमी भरतीय, काही होईल का?" असं विचारणारा एखादा रोज भेटतो. उत्तर त्यालाही ठाऊक असतं. दोन-चार वर्षं अशी पळण्यात जातात, वय निघून जातं आणि मग पोरगा एखाद्या कारखान्याच्या दारात कंत्राटी कामगार म्हणून उभा राहतो.

दुसरीकडे आमच्यासारखे माजी सैनिक. जवान सर्वसाधारणपणे ३५ ते ४० या वयात पेन्शनवर येतो. हातपाय धड असतात, शिस्त अंगात मुरलेली असते. पण त्याच्यासाठी काम म्हणजे बँकेच्या नाही तर एटीएमच्या दारातली खुर्ची. त्यात आता अग्निवीरांची भर पडणार आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच सैन्यात कायम करण्याची तरतूद आहे. बाकीची तरणीताठी मुलं पंचविशीच्या आतबाहेर घरी परतणार.

आणि तिसरीकडे आहे जमीन. शिरूर-दौंडचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस उभा राहिला. उरलं ते वनखात्याचं रान, गायरान आणि माळ. ही जमीन सगळ्यांची, म्हणून राखणदार कुणीच नाही. कुणी मुरूम उचलतो, कुणी कचरा टाकतो, कुणी उन्हाळ्यात काडी लावून मोकळा होतो.

ही तीन दुखणी एकत्र आणली, तर एकमेकांवरचं औषध होतील का, एवढाच आजचा माझा विषय आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची एक 'वनसेना'च उभी केली. तरुण छावणीत राहत, झाडं लावत, बांध घालत, वणवे विझवत. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यांतले २५ थेट घरी पाठवले जात. पहिल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांच्याही वेगळ्या तुकड्या होत्या. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख माणसांनी तिथं काम केलं आणि सुमारे ३०० कोटी झाडं लावली.

आपल्याकडे १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, ती मसुरीच्या डोंगरांसाठी. चुन्याच्या खाणींनी ते डोंगर पांढरेफटक पडले होते. गढवाल रायफल्सशी जोडलेल्या या १२७ क्रमांकाच्या बटालियनमध्ये त्याच भागातले माजी सैनिक घेतले गेले. पुढच्याच वर्षी राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या वाळूत दुसरी बटालियन कामाला लागली. दिल्लीजवळच्या भाटी खाणींचा उजाड भागही अशाच बटालियननं हिरवा केला.

महाराष्ट्रात हे यायला २०१७ साल उजाडलं. महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ वी पर्यावरण बटालियन तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यासाठी उभी करण्यात आली. यातली कामाची वाटणी समजून घेण्यासारखी आहे. पैसा सरकारचा, जागा आणि वनशास्त्राचं ज्ञान वनखात्याचं, माणसं आणि शिस्त फौजेची. जवान खड्डा खणतो, रोप लावतो आणि तिथंच थांबतो. पाणी, कुंपण, राखण हे सगळं त्याच्याच गळ्यात. आपल्याकडच्या वृक्षारोपणात नेमका हाच भाग राहून जातो. फोटो निघतो, पाहुणे जातात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं! चौकीवर उभं राहायची सवय असलेला माणूस रोपालाही चौकी समजतो, हा साधा फरक आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? शिरूरला घोडनदी ओलांडली की पलीकडे पारनेर तालुका. तिथलं राळेगणसिद्धी. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तिथं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' यांतून गावाचं रूप पालटलं. त्यांच्या पुढच्या राजकीय आंदोलनांबद्दल कुणाचं काहीही मत असो. पण एक माजी सैनिक उजाड रानाचं काय करू शकतो, हे आपल्या शेजारीच दिसलं. मात्र ते एका माणसाच्या जिद्दीवर झालं. प्रत्येक गावाला असा माणूस मिळेल, या भरवशावर राहता येत नाही. त्यासाठी पगारी, शिकवलेली आणि टिकणारी व्यवस्था लागते.

'शिकवलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. रान राखणं म्हणजे नुसती झाडं लावणं नव्हे. आमचा माळ ही काही ओसाड पडलेली जागा नाही. ते गवताचं रान आहे. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं तिथं असतात. लांडगा, खोकड, चिंकारा त्याच गवतावर जगतात आणि धनगरांची मेंढरंही. अशा माळावर ओळीनं खड्डे खणून गिरिपुष्प लावलं, तर कागदावर जंगल वाढतं आणि प्रत्यक्षात गवत मरतं. कुठं झाड लावायचं, कुठं गवताला हात लावायचा नाही, वणव्याआधी जाळरेषा कशी काढायची, समतल चर कसा आखायचा, हे सगळं शिकावं लागतं. नकाशा वाचणं, जमिनीचा उतार ओळखणं, गस्त घालणं आणि नोंद ठेवणं हे फौजी माणसाला आधीच येत असतं. अर्धं प्रशिक्षण तर तिथंच झालं!

दुसरं काम तर जिवाशी खेळणारं. आमचा तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागात येतो. उसात बिबट्या जन्मतो, उसातच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण अशा वेळी वनरक्षक एक आणि गावं अनेक. ठसा ओळखणारा, जमाव आवरणारा, रात्री उसाच्या कडेनं गस्त घालणारा, शाळेत जाऊन मुलांना सांगणारा माणूस प्रत्येक गावात हवा. तो गावातलाच हवा, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत. नुसता 'स्वयंसेवक' म्हणून पाठ थोपटल्यानं त्याचं घर चालत नाही.

पळणाऱ्या पोरांना मी एक सांगत असतो. वनरक्षकाची भरतीही बघा. बारावी झालेल्यांना ती वाट खुली आहे, विषयांची अट तेवढी जाहिरातीत नीट वाचा. माजी सैनिकांना त्यात दहावीची सवलत दिली जाते. पुरुषांना पाच आणि स्त्रियांना तीन किलोमीटर धावावं लागतं. शिवाय चालण्याची परीक्षा असते : पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, स्त्रियांना १६. आमच्या मुलींनीही ही वाट धरावी. रानाची माहिती त्यांना पोरांपेक्षा कमी नसते. सरपण आणि चारा आणणारे हात कुणाचे असतात?

पण वनरक्षकाच्या जागा मोजक्या. म्हणून मागणी अशी करावी, की पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांसाठीही पर्यावरण बटालियनसारखी तुकडी असावी. दहा तरुणांमागे एक माजी सैनिक, पाच वर्षं एकच रान, आणि शेवटी जगलेली झाडं, टिकलेलं गवत आणि विहिरीचं पाणी मोजून हिशेब. या पाच वर्षांचा अनुभव वनखात्याच्या भरतीत धरला जावा. सरकारनं हे करेपर्यंत हात बांधून बसायचंही कारण नाही. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल, तर तिच्यात माजी सैनिकाला घ्या. ग्रामसभेत गायरानाची मोजणी मागा. नुकत्याच निवृत्त झालेल्या जवानानं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना वनखात्याच्या कामाचीही चौकशी करावी.

सीमेवर असताना आम्हाला एकच शिकवलं होतं : ज्या जमिनीवर उभा आहेस, ती तुझ्या हवाली आहे. गावाकडच्या माळाला दुसरा नियम कशाला हवा?