छंदाचा वेळ कुणाच्या वाट्याचा?



डिसेंबर संपत आला. गेल्या वर्षी याच दिवसांत मी ठरवलं होतं, रोज एक पान लिहायचं. वही पाचव्या पानावर थांबली. विचारलं की मी सांगतो, वेळच मिळत नाही. तुमचंही तसंच असेल. पण घरातला वेळ कसा वाटला जातो, हे आपण कधी पाहतो का?

हमीदभाई दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी १९६५ साली आली. मेहरुन्निसाभाभी नोकरी करून संसार सांभाळत होत्या. त्यांचं स्वतःचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन मात्र हमीदभाई १९७७ मध्ये गेले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

आजही भाऊ गिटार घेऊन बसतो, तेव्हा बहिणीच्या हातात भांडी असतात. तिच्या मेंदीच्या नक्षीला आपण कला म्हणत नाही, ‘टाइमपास’ म्हणतो.

म्हणून मुलांनो, नव्या वर्षाचा एकच संकल्प करू. आठवड्यातले तीन दिवस रात्रीची भांडी आपण घासायची. तो अर्धा तास अम्मीचा, बहिणीचा. उरलेल्या चार दिवसांत मी माझ्या वहीचं सहावं पान लिहीन.