विमान जमिनीवर असताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या अनेक घरांतील कर्ती माणसे आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यामुळे विमान आपल्याला नवे नाही. विमान उडताना आणि उतरताना आपल्या काळजात धस्स होते. पण तेच विमान तळावर चाकांवरून हळूहळू चालत असते, तेव्हा आपण निर्धास्त असतो. या चालण्याला 'टॅक्सी करणे' म्हणतात. आज मला या चालण्याविषयी, आणि तेही लहान विमानांच्या चालण्याविषयी, चार शब्द सांगायचे आहेत. त्यात आपणा सर्वांच्या उपयोगाचा एक धडा आहे.

फ्लाइंग क्लबमध्ये शिकण्यासाठी जगभर वापरले जाणारे 'सेसना १७२' हे विमान घ्या. माणसे व इंधन धरून त्याचे वजन जास्तीत जास्त अकराशे किलोच्या आसपास. म्हणजे मोटारगाडीपेक्षाही हलके. पण पंखांचा पसारा मात्र ११ मीटर, आणि हे पंख तर वाऱ्यावर उचलले जाण्यासाठीच केलेले! मोटारीला वारा ढकलू शकत नाही, पण हे विमान उभ्या जागी कलंडू शकते. सर्वांत वाईट वारा मागून तिरका येणारा. तो एका बाजूचा पंख आणि शेपटी एकदमच उचलतो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात : वारा तिरका समोरून असेल तर हातातले चक्र वाऱ्याच्या दिशेने वळवा, मागून असेल तर चक्र पुढे ढकलून वाऱ्याच्या उलट दिशेने वळवा. विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, पण जमिनीवर विमान वळवायला या चक्राचा उपयोग नाही. ते काम पायांनी पेडल दाबून करायचे असते.

दुसरा धोका पंख्याचा. वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्याचे टोक जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असते. खडी असलेल्या जागी इंजिन जोरात चालवले, तर खडे वर खेचले जाऊन पात्याला टवके उडतात. चाक खड्ड्यात किंवा मऊ मातीत गेले, तर पातेच जमिनीवर आपटते. मोठ्या जेट विमानाच्या मागून जाताना त्याच्या इंजिनाचा झोत लहान विमानाला उलथवू शकतो. म्हणून अंतर राखावे लागते.

तिसरा धोका न दिसण्याचा. बंगलोरला बनलेले, १९५८ साली प्रथम उडालेले आपले 'पुष्पक' विमान पुष्कळ भारतीय क्लबांत वापरले गेले. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली. अशी विमाने जमिनीवर नाक वर करून उभी राहतात आणि ते नाक समोरचा रस्ता झाकते. म्हणून वैमानिक ती नागमोडी चालवतो आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी पुढे पाहतो. सर्वच लहान विमानांना शिस्त एकच : झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग, आणि हलू लागताच आधी ब्रेक तपासणे.

परंतु सर्वांत मोठा धोका यांपैकी कशाचाच नाही. तो आहे चुकीच्या वाटेचा.

८ ऑक्टोबर २००१. इटलीतील मिलान शहराचा लिनाते विमानतळ. सकाळी दाट धुके होते. एका लहान खाजगी जेट विमानाला नियंत्रकाने 'आर ५' या मार्गाने उत्तरेकडून जाण्यास सांगितले. वैमानिकाने 'आर ५' हे शब्द परत म्हणून दाखवले; पण विमान वळले 'आर ६' वर, आणि तो मार्ग धावपट्टीला छेदणारा होता. मार्गावरच्या खुणा व पाट्या पुरेशा नव्हत्या. जमिनीवरची वाहतूक दाखवणारे रडार चालू नव्हते. एवढ्या कमी दृश्यमानतेत विमान नेण्याची पात्रताही त्या वैमानिकांकडे नव्हती. वाटेत त्यांनी 'एस ४' ही खूण जवळ आल्याचे कळवले. ही खूण कुठे आहे हे नियंत्रकाला ठाऊक नव्हते, त्याच्या नकाशातही ती नव्हती. विमान 'आर ५' वरच आहे असे धरून त्याने पुढे जाऊ दिले. त्याच वेळी धावपट्टीवरून कोपनहेगनला जाणारे प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत आले. टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्वजण आणि जमिनीवरील चार कामगार, असे ११८ जीव गेले.

बंधुभगिनींनो, एकट्या वैमानिकाला किंवा एकट्या नियंत्रकाला दोष देऊन भागणार नाही. व्यवस्थाच ठिकठिकाणी ढिली होती. तरीही एक प्रश्न मनाला टोचत राहतो. 'मी नेमका कुठे आहे?' किंवा 'ही खूण कोणती?' एवढे एकाने जरी विचारले असते तर? प्रत्येकाने धरून चालले की दुसऱ्याला माहीत आहे. आज वैमानिकांना शिकवतात की जागेविषयी शंका आली तर तळाचा नकाशा पाहा, थांबा, आणि नियंत्रकाला स्पष्ट सांगा. धावपट्टीच्या अलीकडे दोन अखंड आणि दोन तुटक पिवळ्या रेषा असतात. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील, तर परवानगीवाचून एक पाऊलही पुढे जायचे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात 'समजले का?' असे विचारले की सारे माना हलवतात. ज्याला समजलेले नसते तोही हलवतो, कारण त्याला वाटते की लोक हसतील. लिनातेच्या वैमानिकानेही 'आर ५' हे शब्द परत म्हटले होते. पाठ म्हणता येणे वेगळे आणि समजणे वेगळे. आणि पालकांनो, मुलाने घरी शंका विचारली तर 'एवढेही येत नाही?' असे म्हणू नका. ज्याला लहानपणी विचारायची लाज वाटली, तो मोठेपणी जबाबदारीच्या जागी बसूनही गप्पच राहील. आपल्यातून उद्या वैमानिक निघोत, परिचारिका निघोत वा विजेचे काम करणारे निघोत. थांबून विचारण्याचे धैर्य प्रत्येकाला लागेल.