कोयोटीचे छायाचित्र

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे अमेरिकेस गेले असता यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. त्या उद्यानातले लामार नदीचे खोरे बर्फाने पांढरे झाले होते. तेथे मी कोयोटी पाहिला. हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. त्याच्याहून थोडा मोठा, लांडग्याहून पुष्कळ लहान. मी मात्र त्याला लांडगाच समजले!

त्याची शिकार पाहण्यासारखी असते. बर्फाखाली उंदरांची खुडबुड ऐकू आली की तो जागीच खिळतो, मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलवतो आणि एकदम उंच उडी घेऊन बर्फात तोंड खुपसतो. चार उड्या फुकट गेल्या, पाचवीला उंदीर मिळाला. आम्ही गाडीत टाळ्या वाजवायच्याच बाकी होतो.

मग तो सरळ आमच्या गाडीकडे आला. जेमतेम दहा पावलांवर! कॅमेरा घ्यायचा सोडून माझा हात गेला पिशवीतल्या शंकरपाळ्यांकडे. म्हटले, एक टाकला तर थांबेल, फोटो छान येईल. जावयांनी हात धरला. “आई, नको. त्याच्या जिवावर बेतेल.”

तेथे कोयोटीपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. खाऊ मिळू लागला की तो रस्त्यावर येऊन मोटारींची वाट पाहतो, माणसाला भीत नाही. रक्षक भोंगे वाजवून, फटाक्यांचे बार काढून त्याला हाकलतात. तरी धीट राहिला, तर कधी मारावेही लागते. आधीच १९९५-९६ साली तेथे पुन्हा लांडगे आणून सोडल्यावर त्यांनी या खोऱ्यातले पुष्कळ कोयोटी मारले. त्यात माझ्या शंकरपाळ्याची भर कशाला?

जावयांनी गाडी पुढे नेली. लांब थांबून इंजिन बंद केले, काच खाली केली. उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून केलेली गादी खिडकीवर ठेवली, तिच्यावर लांब पल्ल्याची भिंग टेकवली; हात हलत नाही. बर्फाच्या लखलखाटात कॅमेरा फसतो आणि चित्र काळवंडते, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. बोटे गारठली, पण फोटो निघाला.

तो आता तुमच्याकडे फिरवते आहे. डावीकडे मोठा काळा ठिपका दिसतो तो बायसन, म्हणजे तिकडचा गवा. त्याच्या उजवीकडे तिळाएवढा आहे, तो कोयोटी.