हप्त्यावरची गाडी आणि वाशिष्ठीचे पाणी



मोटारगाडी हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय आहे, सामान्यांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्याने त्यात शिरू नये, असा एक समज जुन्या कार्यकर्त्यांत अजूनही आढळतो. रत्नागिरी जिल्ह्यापुरता तरी तो आता टाकून द्यावा लागेल. येथे गाडी घेणारा माणूस कोण आहे ते पाहा. हायस्कुलातील शिक्षक, बाजारपेठेतील किराणा दुकानदार, शंभर-दोनशे कलमांचा आंबा बागायतदार, मुंबईत नोकरी करून गावच्या घराचे छप्पर सांभाळणारा चाकरमानी. यांपैकी बहुतेकांची गाडी कर्जाची असते. म्हणजे हा प्रश्न हौसेचा कमी आणि ऋणाचा अधिक आहे. कोकणाला ऋण नवे नाही. खोताच्या वहीतले ऋण आणि वित्तसंस्थेच्या संगणकातले ऋण यांत अंतर पुष्कळ आहे, हे मान्य. परंतु ऋणकोला हिशेब नीट वाचता येऊ नये, ही सोय दोहोंतही सारखीच आढळते.

पूर्वीची टंचाई निराळी होती. फियाट किंवा ॲम्बॅसिडरसाठी नाव नोंदवून माणूस वर्षानुवर्षे थांबे, आणि घाई असलेला मनुष्य वर पैसे मोजून दुसऱ्याची गाडी घेई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९१ नंतर कारखाने वाढले आणि पाठोपाठ कर्जही मुबलक झाले. आज गाडीच्या दुकानातच कर्ज देणाऱ्याचे टेबल मांडलेले असते. गिऱ्हाईक रंग निवडत असते तोवर त्याचे कागद तयार होतात. त्या काळी गाडी मिळत नसे म्हणून माणूस नाडला जाई. आता ती फार सहज मिळते म्हणून नाडला जातो.

तो ती घेतो तरी का? घरी चौकशी केली तर उत्तर बहुधा एकच येते : रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर. वाडीपासून डांबरी रस्ता दूर, तेथून तालुक्याचे रुग्णालय दूर, आणि अवघड दुखणे असले तर कोल्हापूर किंवा मुंबई. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे याच लाल गाडीने सह्याद्रीच्या कुशीतली गावे बाजाराशी जोडली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होते की नव्हते हा आजचा विषय नाही. मात्र जवळजवळ सहा महिने वस्तीची गाडी न आल्यावर ज्या घरात दुचाकीही नव्हती त्या घराने काय करावे, याचा विचार कोणीच केला नाही. अशा वेळी माणूस चारचाकीच्या जाहिरातीला भुलून नव्हे, तर निरुपायाने कर्ज काढतो. खाजगी गाडीच्या खपाचा एक भाग हा सार्वजनिक गाडीच्या माघारीचा खप असतो. कारखानदारांच्या ताळेबंदात तो वेगळा दाखवला जात नाही, एवढेच.

आता कर्जाचा हिशेब. समजा, गाडीची मूळ किंमत ६,००,००० रुपये आहे. घेणारा १,००,००० रोख भरतो आणि ५,००,००० चे कर्ज पाच वर्षांसाठी काढतो. त्याला सांगितले जाते की व्याज अवघे ७ टक्के, सरळ. पाच लाखांवर दरसाल ३५,००० प्रमाणे पाच वर्षांचे १,७५,०००, एकूण ६,७५,०००, साठ हप्ते, प्रत्येकी ११,२५० रुपयांचे. गणित शाळकरी मुलालाही पटेल. खोड इतकीच की मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पाच लाखांवर अखेरपर्यंत आकारलेले असते. शेवटच्या वर्षी ऋणकोच्या हाती मूळ रकमेचा लहानसा अंशच उरलेला असतो, पण व्याज पुऱ्या पाच लाखांचे. घटत्या शिलकीवर हाच दर मांडला तर तो सुमारे साडेबारा टक्के भरतो. सात आणि साडेबारा यांत असत्य काही नाही, केवळ मोजण्याची रीत वेगळी आहे. पण जी रीत स्वस्त भासते तीच गिऱ्हाइकासमोर ठेवली जाते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे पत्रक सक्तीचे केले आहे, आणि त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर नमूद करावा लागतो. सही करण्यापूर्वी ते एकच पान मागून घ्यावे आणि दुकानात उभ्याने न वाचता घरी बसून वाचावे. दुकानातला चहा संपेपर्यंत असे पान वाचून होत नाही.

हप्त्यांखेरीज कोकण स्वतःचाही एक कर वसूल करते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. किनाऱ्यावर वाऱ्यातच मीठ असते. गाडीचा तळ, चाकांवरच्या कमानी आणि सायलेन्सर यांना गंज चढतो तो वरून रंग चकचकीत असतानाच. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी चढवण्याची सवय असली की क्लचप्लेट लवकर जळते. उतारावर गिअर न घालता सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून ऐन वळणावर ढिले पडतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला पनवेलकडून २०११ मध्ये हात लागला, आणि पुढची कित्येक वर्षे खड्डे, वळणरस्ते आणि चिखल यांतूनच प्रवास करावा लागला. त्या काळात बदललेले शॉकॲब्सॉर्बर, टायर आणि रबरी बुश यांचा खर्च कोणत्याही सरकारी हिशेबात सापडणार नाही. तो नागरिकांनी गॅरेजमध्ये भरला. चाकरमान्याच्या गाडीचे दुखणे आणखी निराळे. गणपतीला आणि शिमग्याला चालवायची म्हणून गावी ठेवलेली गाडी मधले महिने पडवीत उभी राहते, बॅटरी उतरते, आसनांवर बुरशी येते आणि उंदीर वायरी कुरतडतात. हप्ता मात्र उभ्या गाडीलाही लागतो.

परंतु हे सारे रोजचे झाले. या व्यवहाराचे खरे स्वरूप एका दिवसात उघडे पडले ते चिपळूणला, २२ जुलै २०२१ रोजी. सह्याद्रीवर अतिवृष्टी, कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणारे पाणी, खाडीची भरती आणि गाळाने उथळ झालेले पात्र, यांपैकी कशाचा वाटा किती यावर वाद झाले व होत राहतील. बाजारपेठ बुडाली, घरांचे तळमजले बुडाले, एस.टी.चे आगार बुडाले. आगारातील रोकड सांभाळत आगारप्रमुख बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले, ही हकिगत तेव्हा सर्वत्र छापून आली होती. सार्वजनिक पैशाला राखण होती. गल्लीबोळांत आणि इमारतींखाली उभ्या केलेल्या खाजगी गाड्या मात्र चिखलाच्या पाण्यात तरंगून एकमेकींवर चढल्या.

पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? किल्ली फिरवून पाहतो. नेमके तेच करू नये. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिन फिरू लागताच दट्ट्याला वर सरकायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी पुष्कळदा दुरुस्त होते, बुडाल्यावर सुरू केलेल्या गाडीचे इंजिन मात्र बहुधा हातचे जाते. येथेच विम्याचा एक बारकावा आडवा येतो. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक विम्यात बसते. पण किल्ली फिरवल्याने झालेले नुकसान पुराचे नव्हे, मागाहून घडलेले, असे विमा कंपनी म्हणू शकते. इंजिनासाठी वेगळी पुरवणी घेतलेली नसेल तर हे भांडण मालकाच्या गळ्यात पडते. शहाणपणाचा मार्ग असा की, किल्लीला हात लावू नये, बॅटरीची तार सोडवावी, पाण्याची खूण दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला ताबडतोब कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. पूर्वीची फियाट गावचा मिस्त्री अंगणात उघडून वाळवीत असे. आताच्या गाडीच्या पोटात संगणक आहे; तो चिखलात भिजला की गावच्या मिस्त्रीचे हात बांधले जातात.

आणि ज्यांच्यापाशी सर्वसमावेशक विमाच नव्हता त्यांचे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती केली आहे ती केवळ तिसऱ्या व्यक्तीच्या विम्याची. गाडी जुनी झाली की हप्ता वाचवण्यासाठी माणसे तेवढाच विमा ठेवतात. पोलिसाला दाखवायला तो कागद पुरतो. वाशिष्ठीला दाखवायला पुरत नाही.

विमा असलेल्याचाही हिशेब पाहू. वर सांगितलेली सहा लाखांची गाडी दोन वर्षे पुरी होताच बुडाली असे धरा. विम्याचे घोषित मूल्य मूळ किमतीवर घट धरून ठरते. दोन वर्षे उलटलेल्या गाडीला रूढ कोष्टकाप्रमाणे ३० टक्के घट, म्हणजे ४,२०,०००. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचा बोजा असल्याने पैसे आधी तिला मिळतात. चोवीस हप्ते भरूनही तिचे सुमारे ३,३६,००० येणे बाकी असते. कंपनी मालकाच्या वाट्याचे म्हणून १,००० रुपये कापते. उरले ८३,०००. मालकाने तोवर घातलेले पैसे मोजा : रोख १,००,०००, महाराष्ट्रातील ११ टक्के दराने पेट्रोल गाडीचा एकरकमी कर ६६,०००, हप्त्यांचे २,७०,०००. एकूण ४,३६,०००. दोन वर्षे गाडी वापरली हे खरेच. पण शासनाला कर पुरा मिळाला, वित्तसंस्थेला मुद्दल व्याजासह मिळाले, कंपनीने करारातले देणे दिले, आणि पुराचा सारा भार त्या एकट्या कुटुंबाने उचलला. मालकी कोणाची, हे नोंदणीपुस्तकाच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते. जोखीम कोणाची, हे कोठेच लिहिलेले नसते. मूळ किमतीची भरपाई देणारी पुरवणी विम्याला जोडता येते, पण ती वेगळे पैसे घेऊन, आणि गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतीच.

गाडी दुरुस्त होण्याजोगी ठरली तरी रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर निम्मी घट कापली जाते. पुरात नेमके हेच भाग जातात. घट न कापणारी पुरवणी कोकणात तरी पहिली पाच वर्षे घ्यावी. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण चिखल उपसणाऱ्या माणसाजवळ अर्ज लिहायला त्राण नसते. ग्रंथालये, पतसंस्था, ग्राहकांच्या संघटना यांनी अशा वेळी टेबल मांडून बसावे, असे काम तेथे होते.

पुरातल्या गाड्या अखेर जातात कोठे, हाही प्रश्न आहे. काही भंगारात जातात. काही धुऊन, आसने बदलून दूरच्या बाजारात जुनी गाडी म्हणून उभ्या राहतात. जुनी गाडी घेणाऱ्याने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून आतल्या टोकाला चिखलाचा डाग आहे का ते पाहावे, गालिचा उचलून आसनांखालच्या रुळांचा गंज पाहावा, डिकीत डोके घालून वास घ्यावा, आणि पूर्वीच्या विमादाव्यांची विचारणा करावी. वाशिष्ठीचा गाळ सहज निघत नाही.

राहिला हप्त्याच्या काळाचा मुद्दा. बागायतदाराचे पैसे मार्च ते मे या तीन महिन्यांत येतात, तेही मोहोर टिकला आणि अवकाळी पाऊस आला नाही तर. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. जुलैमध्ये, जेव्हा गाडी पाण्यात असते आणि घरात आंब्याचे पैसे संपत आलेले असतात, तेव्हाही ११,२५० भरायचेच. चुकले की दंड, आणि दाराशी वसुलीची माणसे. हेच बँकिंग ट्रॅक्टरला कर्ज देते तेव्हा पिकाच्या हंगामाप्रमाणे सहामाही हप्ते बांधून देते. म्हणजे हंगाम ओळखणे बँकांना अशक्य नाही. मग ज्या जिल्ह्यातील अनेक घरांचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते, तेथील गाडीच्या कर्जाला मेअखेर एक मोठा हप्ता आणि पावसाळ्यात सवलत, एवढी मांडणी का होऊ नये? जिल्ह्यातील सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी हा विषय येत्या वार्षिक सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. सभासदांना तशी लेखी मागणी करण्याचा अधिकार आहेच.