स्पितीच्या गावांतून पायी



मंडळाच्या चिटणीसांनी मला प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. भिंतीवरच्या नकाशात काठीने हिमालय दाखविण्यात सारी नोकरी गेली. पण तो डोळ्यांनी पाहण्याचा योग आला सप्टेंबर २०२२ मध्ये, निवृत्तीनंतर. सोबत माझा पुतण्या होता. हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात जावे, पाठीला सॅक बांधावी, जमेल तेथे सरकारी बसने आणि उरलेले पायी असे गावोगाव हिंडावे, हा आमचा बेत. तो अर्धाच तडीस गेला. त्यात चूक सर्वस्वी माझी होती, आणि आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अलीकडे तिकडे जाऊ लागली आहेत, म्हणून ती हकीकत आज सांगतो.

स्पितीला जाण्यास दोन वाटा आहेत. एक मनालीहून. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून ही वाट सोपी झाली आहे. परंतु ६,७०० फुटांवरील मनालीहून सकाळी निघालेला माणूस सुमारे १५,००० फुटांची कुंझुम खिंड ओलांडून त्याच दिवशी काझ्याला पोहोचतो. दुसरी वाट शिमल्याहून किन्नौरमार्गे जाते. ती लांबची खरी, पण हळूहळू चढते. आम्ही ही दुसरी घेतली, एवढे तरी शहाणपण दाखविले. कल्पा येथे दोन रात्री राहिलो, मग ताबो येथे दोन. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला. बाहेरून पाहावे तर मातीच्या बसक्या भिंती. आत दिव्याच्या मंद उजेडात भिंतभर चित्रे आणि मातीच्याच मूर्ती. हजार वर्षे माती टिकते, कारण तेथे पाऊस जवळजवळ नाही. आपल्या कोकणात तीच भिंत चार पावसाळे उभी राहती तरी नवल!

पाऊस नाही म्हणून शेतीही निराळी. बर्फाचे वितळलेले पाणी लांबवरून पाटाने आणावयाचे. त्या पाटाला तेथे कूल म्हणतात. जव आणि मटार ही मुख्य पिके, आणि तीही वर्षातून एकदाच. घरातील शौचकूप कोरडा असतो; माती-राख टाकून त्याचे सोनखत होते आणि शेतात जाते. सोनखत हा शब्द मी आजोबांकडून ऐकला होता, पाहिले ते स्पितीत. जमिनीची वाटणीही पूर्वापार होत नसे. घर व शेत थोरल्याकडे जाई आणि धाकटे पुष्कळदा मठात जात. आपल्याकडे गुंठ्यागुंठ्यावरून भावाभावांत चाललेले खटले आठवून मी तेथे गप्पच राहिलो.

आता मुख्य गोष्ट. काझा हे खोऱ्यातील मोठे गाव सुमारे १२,००० फुटांवर आहे. तेथे दोन रात्री राहावयाचे ठरले होते; परंतु परतीचे तिकीट काढलेले, म्हणून मी एक रात्र कापली. पुतण्या म्हणाला, “काका, एक दिवस थांबू या.” मी म्हणालो, “अरे, मी कळसुबाई तीनदा चढलो आहे!” कळसुबाई ५,४०० फूट. आम्ही निघालो होतो त्या लांगझा गावाची उंची १४,४०० फूट.

लांगझा अप्रतिम आहे. पांढऱ्या घरांच्या धाब्यांवर सरपण आणि गवत रचलेले, गावावर बुद्धाची भव्य मूर्ती, मागे हिमशिखर. तेथील ओढ्यांच्या दगडांत शंखाच्या आकाराचे जीवाश्म सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्यातील हे जीव. वेंगुर्ल्याच्या वाळूत वाढलेल्या मला समुद्राची खूण अशा ठिकाणी भेटली, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

पण संध्याकाळपासून डोके ठणकू लागले होते. मी ते कुणाला सांगितले नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंना सारे आमा म्हणत. त्यांनी ताट पुढे केले. मी दोन घास घेऊन बाजूला सारले. त्या हिंदीत म्हणाल्या, “मास्टरजी, जेवण जात नाही ना? डोके दुखते?” मी म्हणालो, “नाही, भूक नाही एवढेच.” आयुष्यभर वर्गात, पोट दुखते म्हणून घरी जाऊ पाहणाऱ्या पोरांचे खोटे मी पकडले, येथे दुखत असून नाही म्हणणारा मीच निघालो.

मध्यरात्रीनंतर ओकारी झाली. पुतण्याने उठवून जमिनीवरच्या सतरंजीच्या काठावरून पावलापुढे पाऊल टाकून चालावयास सांगितले. तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर आदळलो. आमांनी शेजाऱ्याला उठविले, त्याने आपली जीप काढली, आणि अंधारात त्या वळणांवरून आम्ही काझ्याच्या सरकारी रुग्णालयात आलो. प्राणवायू लावला. उजाडता-उजाडता डोके हलके झाले. शेजाऱ्याने भाड्याचे पैसे घेतले, पण उठविल्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

डॉक्टरांनी समजाविले ते असे. उंचावर हवेतील प्राणवायूचा वाटा कमी होत नाही, तो एकवीस टक्केच राहतो. परंतु हवेचा दाब उतरतो. लांगझाला एका श्वासात समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. शरीर याला सरावते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून १०,००० फुटांच्या वर रात्रीचा मुक्काम रोज फार तर १,६०० फुटांनी वाढवावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तेथेच थांबावे. मी एका दिवसात २,४०० फूट वाढविले होते. डोके दुखू लागले, अन्न नकोसे झाले, तर आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, दम बसल्या जागी लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर रात्र असो वा बर्फ, खाली उतरावे. धडधाकट तरुणालाही हा विकार होतो. कळसुबाईचा दाखला तेथे चालत नाही. औषध आहे, परंतु ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही आणखी खाली ताबोला आलो आणि तीन दिवस राहिलो. हिक्कीमचे डाकघर १४,००० फुटांहून उंचावर आहे; तेथून घरी पत्र टाकावयाचे होते, ते राहिले. कोमिक राहिले. परतीचे ते तिकीटही अखेर बुडाले. ताबोहून आमांना पुतण्याच्या फोनवरून निरोप धाडला. त्यांचे उत्तर आले की मास्टरजींचा चष्मा उशीखाली राहिला आहे, काझ्याला कोणी जाणार असेल त्याच्याबरोबर पाठविते. चौथ्या दिवशी तो बसच्या वाहकाकडून मला मिळाला.

ज्या कुटुंबांना जावयाचे असेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे यावे. मुक्कामांची वही मी नीट लिहून ठेविली आहे, आणि दोन सॅकही आहेत. त्या उसन्या मिळतील.