काजव्यांची रात्र कोणत्या तारखेची?

(रेडिओवरील भाषण)

मे महिना सरत आला, वळवाचा एखादा शिडकावा झाला, की भंडारदऱ्याच्या पाणलोटात काजवे चमकू लागतात. मग मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांच्या रस्त्याला पुण्यामुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, आणि प्रत्येक गाडीत निदान एक कॅमेरा असतोच. काजव्यांचा फोटो कसा काढावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते घरी आल्यावरच्या कामाबद्दल: कार्डातले फोटो संगणकावर उतरवताना ते ठेवायचे कुठं आणि त्या फोल्डरला नाव काय द्यायचं.

काजव्यांनी लखलखलेल्या झाडाचं जे चित्र आपण पाहतो, ते बहुधा एका फोटोचं नसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, एकाच सादड्याचे किंवा हिरड्याचे काही-काही सेकंदांचे पन्नास-शंभर फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर ते एकावर एक चढवायचे. ट्रायपॉड वीतभर सरकला की नवा संच सुरू. सुटा फोटो पाहाल तर काळोख आणि चार हिरवट-पिवळे ठिपके. कुठला फोटो कुठल्या झाडाचा, हे नुसतं बघून कळणं कठीण.

त्यात आठ-साडेआठला मांडलेला डाव मध्यरात्र ओलांडतो. फोटो उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला आपण ‘तारखेप्रमाणे फोल्डर कर’ असं सांगून ठेवलेलं असतं. ते बिचारं इमानानं बाराच्या ठोक्याला रात्र कापतं. एकाच झाडाचे निम्मे फोटो ३१ मेमध्ये, निम्मे १ जूनमध्ये! म्हणून रात्रीचं काम असेल तर रात्र ज्या तारखेला सुरू झाली ती धरा, दोन्ही फोल्डर लगेच एक करा आणि आत प्रत्येक झाडाचा पोटफोल्डर पाडा. संच वेगळे ओळखायला एक साधी युक्ती आहे. जागा बदलली की लेन्सला टोपण लावून एक कोरा काळा फोटो घ्यायचा. उतरवताना तो दिसला की समजायचं, इथं झाड बदललं. बॅटरी किंवा फ्लॅश लावून खूण करू नका. काजव्यांचा हा सगळा भाग अभयारण्य आहे आणि उजेडानं काजव्यांच्या खाणाखुणांत बिघाड होतो.

आता नाव. कॅमेरा स्वतः जे नाव देतो त्यात ‘डीएससी’ किंवा ‘आयएमजी’सारखी अक्षरं आणि चार आकडे, एवढंच असतं. ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर येते. म्हणजे यंदाच्या काजव्याला आणि तीन वर्षांपूर्वीच्या रंधा धबधब्याला एकच नाव असू शकतं. दोन्ही एका फोल्डरात टाकायला गेलात की संगणक विचारतो, ‘जुनी फाइल बदलू का?’ घाईत बोट ‘हो’वर पडलं, की धबधबा गेला.

फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं सुरू करा: ‘२०२५-०५-३१ उडदावणे काजवे’. आपण बोलताना दिवस आधी सांगतो, पण संगणक अक्षरं डावीकडून लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतले, सगळ्या महिन्यांतले बारा तारखेचे फोल्डर एकीकडे गोळा होतात. मे महिना ‘०५’ असाच लिहा, शून्य गाळू नका. तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही, तेव्हा आडवी वापरा. आकडे मराठी घ्या नाहीतर इंग्रजी, पण सरमिसळ नको.

गावाच्या नावात मात्र आळस करू नये. इंग्रजी अक्षरांत कुणी आपल्या अकोल्याचं स्पेलिंग शेवटी ‘ई’ देऊन लिहितो, कुणी ‘ओ’नंतर थेट ‘एलए’. दहा वर्षांनी तो फोल्डर विदर्भातल्या अकोल्याचा की आपल्या प्रवरेकाठचा, सांगा बघू! जिल्ह्याचं नाव तर घालूच नका. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ साली झालं. रतनवाडी गाव मात्र रतनवाडीच राहिलं. तारीख आणि वेळ कॅमेरा फोटोच्या पोटात लिहून ठेवतो (घड्याळ बरोबर लावलं असेल तर, हं), पण साध्या कॅमेऱ्याला गाव कळत नाही. ते तुम्हीच लिहायचं, आणि उतरवायच्या दिवशीच.

‘काजवे’, ‘गड’, ‘लग्नं’ असे विषयवार फोल्डर काढायचा मोह होतो. माझं मत विरुद्ध आहे. रतनगडावर गेलात, पायथ्याला अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम टिपलं, सोबत मामेभाऊही आहे; तो फोटो गडात ठेवणार, देवळात की नातेवाइकांत? फोल्डर प्रसंगाचा ठेवा. विषय आणि माणसं टॅगमध्ये लिहा. एका फोटोला टॅग कितीही लागतात. डिजिकॅमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे.

मोबाइलवाल्यांसाठी एकच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्याच्या पोटातली मूळ तारीख-वेळही जाते. चांगला फोटो मागायचा असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा.

आणि कार्ड पुसायचं ते फोटो उघडून पाहिल्यावर, दुसऱ्या डिस्कवर त्यांची आणखी एक प्रत झाल्यावर. त्याआधी नाही.